ब्लॉकेजचा टक्का पुरेसा नाही, प्रवाहाचाही हिशोब हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हृदयाच्या धमनीत ‘साठ टक्के ब्लॉकेज’ असा अहवाल हाती पडला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील घरांत त्या एका आकड्यावरच चर्चा सुरू होते आणि स्टेंट बसवावा की नाही, हेही पुष्कळदा त्यावरच ठरते. द्रवांच्या प्रवाहाचे गणित शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा माझ्यासारख्याला हा आकडा अपुरा वाटतो.

फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी १८४० च्या दशकात बारीक काचनळ्यांवर प्रयोग करून दाखवले की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा रोध दुप्पट नव्हे, तर दोनाच्या चौथ्या घाताइतका, म्हणजे १६ पट होतो. शिवाय अरुंद भाग किती लांब आहे, तो फाट्याजवळ आहे का आणि पुढे हृदयाच्या किती स्नायूला रक्त पुरवायचे आहे, यावरही बरेच अवलंबून असते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह तपासणारा कारागीर छिद्राचा व्यास मोजून थांबत नाही. अलीकडचा आणि पलीकडचा दाब तो गेजवर पाहतो. हृदयरोगतज्ज्ञही धमनीत दाबमापक तार सरकवून नेमके हेच करतात. अडथळ्यापलीकडच्या दाबाला महाधमनीतील दाबाने भागून येणारा आकडा, म्हणजे ‘एफएफआर’, ०.८० किंवा त्याहून कमी असेल तर अडथळा प्रवाहाला बाधक मानतात. रुग्णांवर झालेल्या ‘फेम’ या वैद्यकीय अभ्यासात अँजिओग्राफीत ५० ते ७० टक्के अरुंद दिसलेल्या जागांपैकी सुमारे ३५ टक्केच तशा ठरल्या. अर्थात हे सारे स्थिर आजाराबाबत आहे. ऐन हृदयविकाराच्या झटक्यात असल्या चर्चेत एक मिनिटही घालवू नये.

हीच मोजणी तार न घालता करता यावी, म्हणून संगणकीय प्रतिमान वापरतात. सीटी स्कॅनवरून त्या रुग्णाच्या धमन्यांचा त्रिमितीय आकार घेऊन त्याचे लाखो सूक्ष्म तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात द्रवाच्या गतीची नेव्हिए-स्टोक्स समीकरणे सोडवून वेग व दाब काढतात. अशा एका पद्धतीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये मान्यता दिली. पडद्यावरच्या रंगीत चित्राला भुलू नये, हेही सांगितले पाहिजे. सीटीत धमनीतील कॅल्शियम प्रत्यक्षापेक्षा पसरट दिसते. त्यामुळे त्रिज्या १० टक्क्यांनी कमी मोजली गेली, तर त्याच चौथ्या घाताच्या नियमाने रोध दीडपट निघतो.

फुगलेल्या धमनीची गोष्ट निराळी. पोटातील महाधमनीचा फुगवटा पुरुषांत ५.५ सेंटिमीटरला पोहोचला की शस्त्रक्रियेचा विचार होतो, पण त्याहून लहान फुगवटे कधी कधी फुटतात आणि काही मोठे तसेच टिकतात. फुगवट्यात रक्त मंदावून भोवरे घेते, भिंतीला गुठळी धरते आणि भिंतीवरचा ताण सर्वत्र सारखा राहत नाही. तो कोठे एकवटला आहे, हे नुसत्या व्यासावरून कळत नाही, प्रतिमानातून त्याचा अंदाज बांधता येतो. मात्र भिंतीची खरी जाडी आणि ताकद जिवंत माणसात मोजणे कठीण असल्याने हे काम अजून बहुतांशी संशोधनाच्याच पातळीवर आहे.

हे सारे मी बेळगावातून लिहितो, त्याला कारण आहे. १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय येथे आहे, वैद्यकीय महाविद्यालयेही याच शहरात आहेत आणि असे प्रवाहाचे गणित करणारी ओपनफोम, सिमव्हॅस्क्युलर ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. तरीही गाडीभोवतालची हवा आणि पंपाची पाती यांपलीकडे आमच्या यंत्र शाखेच्या मुलांचे प्रकल्प सहसा जात नाहीत, याची मला खंत वाटते. दोन्हीकडच्या प्राध्यापकांनी एकत्र बसावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उपचाराचा कोणताही निर्णय सुरुवातीला या गणितावर सोपवू नये. ज्या रुग्णांची एफएफआर तारेने आधीच मोजली गेली आहे, त्यांच्या संमतीने आणि नावे वगळून त्यांची सीटी चित्रे विद्यार्थ्यांना द्यावीत, मोजलेला आकडा त्यांच्यापासून लपवून ठेवावा आणि गणिताचे उत्तर त्याच्याशी नंतर ताडून पाहावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक, यंत्र अभियांत्रिकी
टिळकवाडी, बेळगाव