तिसरी फास्ट सोडली

प्रिय वैजू,

चार महिने फोन नाही, मेसेज नाही, तुझ्या वाढदिवसाला नुसता केकचा स्टिकर. रागावली असशील तर रागाव. मी बरी आहे, आईचा गुडघा आहे तसाच. आता मुद्द्याचं सांगते, कारण हे घरात कोणालाही सांगितलेलं नाहीये आणि तुझ्याशिवाय कोणाला कळणारही नाही.

मी परत गोळा खाल्ला.

म्हणजे खरा नाही गं. ऑफिसरच्या प्रमोशनची लेखी मी पास झाले, झोनमध्ये दुसरी, आणि इंटरव्ह्यूचं लेटर आलं. फोर्टला, साडेअकरा वाजता. आदल्या रात्री मोरपिशी साडी इस्त्री करून ठेवली, फाइल लावली, साडेआठला घर सोडलं. पाऊस होता, पण गाड्या दहा-पंधरा मिनिटंच लेट. ठाण्याला पहिली फास्ट आली, खच्चून भरलेली, सोडली. दुसरी पण सोडली. तिसरीला मात्र लेडीज डब्याच्या दारात जागा होती वैजू, एक बाई हात पुढे करून "या, या आत" म्हणत होती, तिच्या हिरव्या बांगड्यांवरून पाणी ठिबकत होतं ते अजून डोळ्यासमोर आहे. मी मागे सरकले. गाडी गेली. मग बाकावर बसून राहिले आणि साडेदहाला फोन करून कळवलं की पावसामुळे पोचता येत नाहीये. सगळ्यांना लगेच पटलं, पावसाचं कारण मुंबईत कोण तपासतंय.

घरी आल्यावर हे म्हणाले, "गेली असतीस तर झालीच असतीस." सासूबाई पण तेच म्हणाल्या. आणि मला ते ऐकून इतकं बरं वाटलं ना, की त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटली.

प्रमोशन म्हणजे बदली, म्हणून टाळलं असेल असं मी स्वतःला दोन दिवस सांगितलं. पण बदली आली तर काय करायचं हे आमचं आधीच ठरलंय. आळस म्हणशील तर आळशी बाई साडी इस्त्री करून ठेवत नाही. नापास व्हायची भीती म्हणशील तर लेखीत दोनदा नापास झालेय, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ऑफिसला गेलेय. मग हे काय?

शेवटी प्राचीला विचारलं, 'माझ्या एका मैत्रिणीचं' म्हणून (ती एमेला सायकॉलॉजी करतेय, आठवतेय ना, तिच्या बारशाला तू पेढ्यांचा पुडा रिक्षात विसरली होतीस). ती म्हणाली 1978 मध्ये अमेरिकेत बर्गलास आणि जोन्स या दोघांनी एक प्रयोग केला होता. काही मुलामुलींना सुटणारे प्रश्न दिले, काहींना असे की ज्यांना उत्तरच नाही, आणि दोघांनाही सांगितलं, छान सोडवलंत. मग पुढच्या परीक्षेआधी दोन गोळ्या समोर ठेवल्या, एकीने म्हणे डोकं चालतं, दुसरीने मंद होतं. ज्यांना आपण कसे पास झालो तेच माहीत नव्हतं त्यांचा ओढा डोकं मंद करणाऱ्या गोळीकडे. कारण आता उघडे पडलो तरी दोष गोळीचा. मुलांमध्ये हे ठळक दिसलं, मुलींमध्ये तेवढं नाही. पण मला माझा पेपर आठवला, त्यात सहा-सात उत्तरं मी अंदाजाने ठोकली होती आणि झोनमध्ये दुसरी आले होते. मग ते पॅनेल मला काय विचारणार आणि मी काय बोलणार!

आणि मग गडकरी रंगायतन आठवलं, ती नाटकाची स्पर्धा. प्राथमिक फेरीत मी दीड पान विसरले, नुसती उभी राहिले, आणि परीक्षकांनी तो पॉज समजून मला अभिनयाचं बक्षीस दिलं. हे फक्त तुला माहीत होतं, कारण विंगेतून प्रॉम्प्ट करून करून तुझा घसा बसला होता. फायनलच्या आदल्या रात्री तलावपाळीवर मी एकावर एक दोन काळा खट्टा गोळे खाल्ले आणि सकाळी माझा आवाज गायब. ऐन वेळी माझं काम तू केलंस, न्यायाधीशाला "मावशी" म्हणालीस आणि अख्खं गडकरी हसलं. नंतर पायरीवर बसून विचारलंस, "मंजे, तुला पहिला नंबर नकोच होता ना?" तेव्हा मी तुला काय काय बोलले, तुझ्या आईवरून पण बोलले, तीन महिने आपण बोलत नव्हतो. तू बरोबर होतीस. तेव्हाच म्हणायला हवं होतं मी.

प्राचीने आणखी एक सांगितलं, फ्रॉइडने 1916 मध्ये एका प्राध्यापकाबद्दल लिहिलंय. वर्षानुवर्षं आपल्या गुरूच्या जागी बसायची इच्छा होती त्याची, जागा मिळाली तेव्हा म्हणे मी लायक नाही, आणि मग काही वर्षं कामच करू शकला नाही. मला त्याच्यासाठी रडू आलं, खरंच.

तुझ्या घराचं वॉटरप्रूफिंग झालं का? सोहमचं दहावीचं वर्ष, त्याला माझा आशीर्वाद सांग, आणि नाशिकला पाऊस कसा आहे ते कळव.

आता ऐक. पावसामुळे न पोचलेल्यांना दुसरी तारीख दिलीय, 22. खोट्यावर मिळालीय, त्याची लाज वाटतेय, पण मला जायचंय. ह्यांना सांगितलं तर ते टॅक्सी करून देतील, ते मला नकोय, मला त्याच प्लॅटफॉर्मवरून जायचंय. तू पावणेनऊला फोन कर. काय बोलायचं ते बोल, शिव्या दे, मावशी म्हण, पण ठेवू नकोस. "पुढील स्टेशन" असं गाडीतलं ऐकू आलं की मगच ठेव.

तुझी,
मंजू