आई-बाबा, नदीचं राहू द्या, फेब्रुवारीत न्दुतूला या

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, विल्डेबीस्टचे (गुरासारख्या दिसणाऱ्या मोठ्या आफ्रिकी हरणांचे) कळप ओलांडताना टीव्हीवर दाखवतात ती मारा नदीच तुम्हाला पाहायची आहे, हे कळलं. पण माझं ऐका. ऑगस्टऐवजी फेब्रुवारीत या, टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतूला. नदीवर कळप काठाशी येतो, तासन् तास रेंगाळतो आणि पुष्कळदा आल्या वाटेने माघारी फिरतो. तोवर गाडीत बसून राहायचं, खाली उतरायचं नाही. आईचे गुडघे आणि तुमची बीपीची पाणी काढणारी गोळी, दोन्हींना ते झेपणारं नाही.

न्दुतूला विण्याचा हंगाम असतो. बहुतेक विल्डेबीस्ट माद्या फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांतच वितात, त्याही बहुधा सकाळच्या वेळी, म्हणून चहा घेऊन उजाडताच निघायचं. पिल्लू काही मिनिटांत पायांवर उभं राहतं. नाही राहिलं तर तरस टपलेलं असतंच. आई, ते बघवणार नसेल तर ड्रायव्हरला सरळ गाडी पुढे घ्यायला सांग. हे सगळं इथेच का, तर न्गोरोंगोरोकडच्या ज्वालामुखींची राख या माळावर पसरली आहे. त्यामुळे इथल्या आखूड गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, आणि पान्हा फुटलेल्या जनावराला तेच लागतं. शिवाय गवत आखूड, म्हणजे शिकारी लांबूनच नजरेस पडतो. न्दुतूचा बराचसा भाग न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात येतो, तिथे रस्ता सोडून गाडी नेता येते. हद्द ओलांडून सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात गेलं की ती मुभा संपते. तिथे ‘जरा जवळ घ्या’ म्हणून ड्रायव्हरच्या मागे लागू नका.

पाऊस लांबला तर गवत वाळतं आणि कळप दुसरीकडे सरकतात. आपण राहणार तो तंबूंचा कॅम्प हंगामाप्रमाणे हलतो, रोज कळपामागे जात नाही. म्हणून इथे किमान तीन रात्री ठेवा. उलट जोराचा पाऊस झाला तर काळ्या मातीत गाड्या रुततात; तसं झालं तर दुपारचं जेवण उशिरा होणार हे गृहीत धरा.

तंबू म्हणजे शाळेच्या सहलीतला नव्हे. आत खरे पलंग, मागे संडास आणि अंघोळीची जागा. गरम पाणी सांगावं लागतं. माणूस बाहेरून वर टांगलेल्या कॅनव्हासच्या पिशवीत वीसेक लिटर ओततो. अंग ओलं करायचं, साखळी ओढून पाणी थांबवायचं, साबण लावायचा, मग पुन्हा सोडायचं. पाणी चालू ठेवून साबण लावला तर डोक्यावर फेस राहतो. रात्री पांघरुणात काही गरम लागलं तर दचकू नका, ती गरम पाण्याची रबरी पिशवी असते. वीज सोलरची, त्यामुळे फोन बहुतेक जेवणाच्या तंबूतच चार्ज होतो. बाबांचं इन्सुलिन आल्या आल्या तिथल्या फ्रिजमध्ये द्या, बर्फाला टेकू देऊ नका. बुकिंग करताना त्या तंबूच्या जवळचा तंबू मी मागून ठेवते.

अंधार पडल्यावर एकटं बाहेर पाऊल टाकायचं नाही. कॅम्पला कुंपण नसतं. बॅटरी हलवली किंवा शिट्टी वाजवली की रखवालदार येतो, तोच जेवायला नेतो आणि परत सोडतो. झोपताना तंबूची चेन खालपर्यंत लावायची. चपला आत घ्यायच्या, कारण चामड्याचं काहीही तरस उचलून नेतं. मेतकूट-लोणचं खुशाल आणा, पण ते जेवणाच्या तंबूत द्यायचं. तंबूत खाऊ ठेवला की वानरं चेनशी खेळायला लागतात. शाकाहारी आहोत हे आधी कळवलं की चपाती, डाळ, भाजी व्यवस्थित मिळते.

आता सामान. अरुशाहून छोटं विमान आहे, त्यात माणशी पंधरा किलो, हातातली पिशवी धरून. बॅग मऊ कापडाची हवी. विमानाच्या पोटातल्या खणात कडक सुटकेस शिरत नाही. गडद निळे आणि काळे कपडे टाळा, चावणारी त्से-त्से माशी त्या रंगांवर येते. पहाटे उघड्या गाडीत चांगलंच गार लागतं, स्वेटर आणि कानटोपी हवीच. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर टांझानियात 2019 पासून बंदी आहे, त्या घरीच काढून ठेवा. रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, चार दिवसांच्या जास्त.

येता-जाता नैरोबी लागेल, त्यामुळे यलो फीवरची लस घेतल्याच्या दाखल्याचा प्रश्न येतो. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. पण साठीनंतर तिचा धोका वाढतो, म्हणून परस्पर जाऊन टोचून घेऊ नका. आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी नको म्हटलं तर तसं पत्र घ्या, मग नैरोबी टाळून मार्ग शोधू. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

फेब्रुवारीचे तंबू फार आधी भरतात. डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा आणि ते काय म्हणाले ते फोनवर सांगा, मग मी तारखा धरते.

तुमची,
मनू