आयला म्हणून हाक कशी मारू?

लाइपझिग, 11 जानेवारी 2026

प्रिय वैजू,

दिवाळीत तुझे दोन निरोप आले आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. रागावली असशील, हक्क आहे तुझा. तब्येत बरी आहे, सातवा लागलाय, पाय सुजतात, बाकी ठीक.

आज लिहायला बसले कारण काल रात्री यानने बाळाचं नाव सांगितलं. महिनाभर मनात धरून होता म्हणे. स्पेलिंग आय-एस-एल-ए, त्यातला एस मुका, उच्चार आयला.

वैजू, आयला! गणिताचा तास आठव. तो व्हरांडा आठव. मी यानला अर्थ सांगितला, तर तो म्हणाला एवढं काही वाईट नाही. अर्थ सांगून ते कळतच नाही ना. दूध उतू गेलं, ऐन वेळी गॅस संपला, शेवटच्या षटकात विकेट पडली की आपल्याकडे घराघरात जे तोंडातून निघतं, ते पोरीचं नाव? आबा फोनवर तिला पहिली हाक काय मारतील? आणि तुझा भाऊ तर बारशालाच हसून हसून खाली बसेल.

नावात तसं काही खोट नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे, त्यावरून ते आलंय. तुर्की लोकांचंही एक आयला आहे, चंद्राभोवतीचं खळं, स्पेलिंग वेगळं पण कानाला तेच. यानला पटेल अशी अडचण दुसरीच आहे. जर्मन माणूस लिहिलंय तसं वाचतो. ज्याने हे नाव आधी ऐकलेलं नाही तो सरळ 'इस्ला' म्हणणार. दवाखान्यात, बालवाडीत, शाळेत दर वेळी दुरुस्त करत बसायचं. हे मात्र त्याने मान हलवून ऐकलं.

त्याची अट अशी, की नाव आखूड हवं, युरोपातलं हवं आणि जुनाट वाटायला नको. आखूडपणा मलाही हवाय, आडनावामुळे. 1 मे 2025 पासून इथल्या कायद्याने आईबापांचं जोडआडनाव मुलाला लावता येतं, त्यामुळे ती कुलकर्णी-वेबर होणार. एवढ्या लांब आडनावापुढे चार अक्षरी नाव लावलं तर अर्जाच्या चौकटीत मावायचं नाही आणि हाकेतही पेलायचं नाही. नाव स्वरात संपत असेल तर पुढचं आडनाव व्यंजनाने सुरू झालेलं बरं. मिया आणि आल्बर्स एका दमात म्हणून बघ, 'मियाल्बर्स' होतं. आपलं 'कु'ने सुरू होतं, ती काळजी मिटली.

गेले पंधरा दिवस मी प्रत्येक नाव सारखंच तपासतेय. आधी रोमन लिपीत लिहून, ज्याने ते ऐकलेलं नाही अशा जर्मन माणसाला वाचायला द्यायचं. मग देवनागरीत लिहून आईला पाठवायचं आणि फोनवर तिच्याकडून वाचून घ्यायचं. मग त्याला ला, ची, ने लावून बघायचं. शेवटी खिडकीतून खाली मैदानावरच्या पोराला बोलावतात तशी हाक मारायची. पुस्तकात गोड अर्थ दिलेली निम्मी नावं या हाकेतच गळतात.

इथल्या वाचण्याचं गणित तुला सांगून ठेवते, कारण तूही नावं सुचवणार आहेसच. 'जे'चा य होतो, म्हणून तर आबांनी पत्रिकेवर वाचलेला 'जान' खरा यान निघाला. स्वराआधीचा 'एस' झ होतो. तुझ्या सईला इथे 'झाय' म्हणतील, तिला सांगू नकोस. 'झेड'चा त्स होतो, म्हणून झोई इथे 'त्सोए'. 'टीएच'मधला एच कुणी उच्चारत नाही, थेआची 'तेआ' होते. आणि शब्दाच्या शेवटी 'व्ही' आला की बहुतेकांच्या तोंडी फ येतो.

आता वहीतली नावं. एमा आणि मिया इथल्या याद्यांत वर्षानुवर्षं वर आहेत. गोड आहेत, पण एका वर्गात दोन-तीन निघाल्या की बाई 'मिया के., मिया एस.' करत बसतात, म्हणून सोडली. नेले हे उत्तर जर्मनीकडचं, कोर्नेलियाचं आखूड रूप. यानच्या बहिणीला फार आवडतं. "आमच्या नेलेला दवाखान्यात नेले" हे आईला मोठ्याने वाचायला लावलं, तिकडून फोनच ठेवला तिने. मारा हे मूळ हिब्रू, अर्थ कडू. तिकडे कडू आणि सांगलीत 'मारा', दोन्हीकडून गेलं. माया लिहिताना इथे 'जे' घालतात, म्हणजे आपल्याकडे कागदावर ती 'मजा' होणार. इडा मला खरंच आवडलं होतं. जुनं जर्मन नाव, आता पुन्हा चलनात आलंय, आणि आपल्या वेदांमध्येही इडा आहे. पण आजी तुकडा ओवाळून टाकताना इडापिडा टळो म्हणायची, आणि पणतीचं नाव इडा? आईने एका वाक्यात निकाल लावला.

लीववर मी आठ दिवस अडून बसले होते. नॉर्वे-डेन्मार्कच्या भाषांत त्याचा अर्थ आयुष्य, आणि मुळाशी जुना नॉर्स शब्द आहे तो रक्षणाचा. तीन अक्षरांचं स्पेलिंग, जर्मन स्वरांवर देतात ती दोन टिंबं नाहीत, मात्रा नाही. आणि आबा पाटी पुढ्यात सरकवून म्हणायचे ते आठवतं ना, "लिव, लिव, बघत काय बसलीस"? त्यामुळे मला ते परकं वाटतच नाही. पण वाचायला दिलं तेव्हा चारातल्या तिघांनी 'लीफ' वाचलं.

एला चांगलं टिकलंय. इथे दोन 'एल' लिहितात, त्यामुळे ए आखूड होऊन 'एल्ला' ऐकू येतं. आपल्याकडे एला म्हणजे वेलची, आई एकदम खूश. हाकही छान जाते, "एले, ए एले". त्याची एक गंमत सांगते. फ्रान्समध्ये वालांसियेन इथे एका जोडप्याने मुलीचं नाव न्यूटेला ठेवलं होतं. पोरीला लोक चिडवतील म्हणून न्यायालयाने ते बदलून एला केलं, 2015 च्या जानेवारीत बातमी आली होती. म्हणजे एलावर कोर्टाचीही मोहोर आहे.

टिंबवाली नावं मी सरसकट काढून टाकली. जन्मदाखल्यावर अक्षरावर टिंबं असतील तर ती कायमची त्या नावाची होतात, पण पासपोर्टच्या खालच्या, मशीन वाचतं त्या ओळीत ती नसतात. 'ओ'वर टिंबं असतील तर तिथे ओ-ई उमटतं. मग तिकिटावर एक स्पेलिंग, दाखल्यावर दुसरं. पुढे तिचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड, काढायचंय, तो अर्ज पासपोर्टाबरहुकूम भरावा लागतो. एका टिंबापायी कोण हेलपाटे घालणार?

कचेरीचं म्हणशील तर जन्माची खबर आठवड्याच्या आत नोंदणी कार्यालयात जावी लागते. ती प्रसूती झालेल्या रुग्णालयाकडूनच जाते. नाव ठरलं नसेल तर महिनाभर मुदत असते, पण दाखला अडला की बालभत्ता, पालकभत्ता, विमा सगळंच अडतं. इथे नावांची सक्तीची यादी नाही. नाव म्हणून ओळखता आलं पाहिजे आणि मुलाचं त्यात अहित नको, एवढंच बघतात. अधिकाऱ्याला शंका आली तर तज्ज्ञांचा दाखला मागतो. इथल्या विद्यापीठात त्यासाठी नावांचं सल्लाकेंद्रच आहे, ट्रामने पंधरा मिनिटं. पूर्वी नावावरून मुलगा की मुलगी हे कळलंच पाहिजे असा आग्रह असायचा. तो सुटला तो आपल्या किरणमुळे! एका भारतीय वळणाच्या कुटुंबाला मुलीचं नाव किरण ठेवू देईनात, प्रकरण थेट घटना न्यायालयात गेलं आणि डिसेंबर 2008 मध्ये मुलीच्या बाजूने निकाल लागला. आपल्या वर्गात दोन किरण होते, एक तो आणि एक ती, आणि आपल्याला कधी प्रश्नसुद्धा पडला नाही.

तुझ्या सासूबाईंचं मोतीबिंदू झालं का? गच्चीची गळती थांबली का? सईचा स्कॉलरशिपचा निकाल लागला की कळव. आणि ते दुकानाचं भाडं वाढवून मागत होते, त्याचं काय ठरलं तेही लिही.

आता खरं बोलते. वहीत सगळ्यात वर एलाच्याही आधी एक नाव आहे, आणि ते मी यानला अजून सांगितलेलं नाही. मीरा.

चौघांना वाचायला दिलं, चौघांनी पहिल्या झटक्यात 'मीरा' वाचलं. फोनवर सांगायला सोपं, म्युन्शन, इंगेलहाइम, रोस्टॉक, आखेन, इथे शहरांच्या नावांवरून अक्षरं सांगतात. टिंब नाही. प्रत्यय लागतात, हाक लागते, जोडआडनाव पेलतं. यान म्हणणार, हे तर भारतीय नाव. तर त्याची आजी बाउट्झेनकडची, सॉर्ब, म्हणजे जर्मनीतल्याच एका छोट्या स्लाव्ह समाजातली. तिकडे रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा दोन भाषांत असतात, जर्मन आणि सॉर्बियन. स्लाव्ह भाषांत मिरोस्लावाचं आखूड रूप मीराच आहे, आणि मीर म्हणजे शांतता. लॅटिनमध्ये अद्भुत. हेवेलिउसने 1662 मध्ये एका ताऱ्याला हेच नाव दिलं, तो तारा कधी डोळ्यांना दिसतो, कधी दिसेनासा होतो. याहून युरोपातलं आणखी काय आणू?

अडचण तूच आहेस. अकरावीत कॉलेजच्या पायऱ्यांवर तू ते नाव राखून ठेवलंस. आधी मी म्हटलं होतं, हे मी आजही म्हणेन. आठ दिवस आपण बोललो नाही आणि मग मीच म्हटलं, घे, तुझं. पुढे तू मुलीचं नाव सई ठेवलंस. का ते मला माहीत आहे आणि त्याबद्दल मी कधी विचारलं नाही, आजही विचारत नाही. पण त्यामुळे मीरा मोकळं झालं असं मी आपलं आपण धरून चालू शकत नाही.

म्हणून विचारते. देशील का? अजून मनात ठेवलं असशील तर सरळ नाही म्हण, मी एलावर येईन आणि तीही मला तितकीच लाडकी होईल. मात्र फोनवर सांगू नकोस. फोनवर मी रडवेली झाले की तुला नको असतानाही तू हो म्हणतेस, लाल स्वेटरच्या वेळी तेच झालं. दोन ओळी लिहून पाठव. मार्चअखेरची तारीख आहे, फेब्रुवारीत कधीही चालेल.

तुझी,
नंदा

ता. क. यान वीकएंडला त्याच्या आईकडे 'आयला' सांगणार आहे. त्याआधी 'इस्ला'चा मुद्दा त्याच्या गळी पूर्ण उतरवते. आबांच्या कानावर मात्र यातलं काही जाऊ देऊ नकोस.