चाकोचा कडा आणि आपला सडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात कोकणातल्या सड्यांवरच्या (म्हणजे सपाट कातळ पठारांवरच्या) कातळशिल्पांबद्दल जे काही येतं ते मी आवर्जून वाचते, आमचं घरच रत्नागिरीत. यंदा एप्रिलमध्ये लेक-जावयाकडे अमेरिकेत न्यू मेक्सिकोला गेलो होतो तेव्हा त्यांनी आम्हाला चाको कॅन्यनला, म्हणजे प्राचीन वस्तीचे अवशेष असलेल्या एका दरीत, नेलं, दोन रात्री तंबूत राहिलो, आणि तिथं जे बघितलं ते आपल्याकडच्या लोकांना सांगावंसं वाटलं म्हणून लिहितेय.

आल्बुकर्कहून गाडीने तीन तास, शेवटचे 13 मैल कच्चा रस्ता, नुसता धुरळा. आत हॉटेल नाही, पेट्रोल नाही, प्यायचं पाणी फक्त व्हिजिटर सेंटरला. गॅलो कॅम्पग्राउंड तिथून मैलभरावर, कड्याच्या अगदी पायथ्याशी. तंबू ठोकून वर बघतो तर कपारीत दगड रचून बांधलेलं एक लहानसं जुनं घर आणि खडकावर कोरलेल्या आकृत्या! म्हणजे इकडे स्टोव्हवर चहा उकळतोय आणि मान वर केली की शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हातचं काम समोर. मी बराच वेळ तशीच उभी होते.

वाळवंटातल्या खडकावर लोह आणि मँगनीजचं पातळ काळपट पुट चढत जातं, त्याला हजारो वर्षं लागतात. ते पुट कठीण दगडाने ठोकून काढलं की आतला फिकट खडक दिसतो, तीच त्यांची रेघ. त्यामुळे आज कुणी त्याच्या शेजारी किल्लीने नाव खरवडलं तर तेही आपल्या हयातीत पुसलं जाणार नाही, आणि तशी नावं तिथं आहेत, बघून फार वाईट वाटतं. इ.स. 850 ते 1150 च्या सुमारास इथं प्वेब्लो बोनितोसारखे चार-चार मजली वाडे उभे राहिले, त्या एकाच वाड्यात सहाशेच्या वर खोल्या, आणि हे सगळं चाक नाही, बैल नाही, लोखंडी हत्यार नाही अशा लोकांनी, 75 किलोमीटर लांबच्या डोंगरातून लाकूड वाहून आणून केलं. होपी, झुनी, अकोमा हे तिथले मूळनिवासी समाज त्यांचे वंशज, ते आजही या जागेला पूर्वजांचं घर मानतात.

पण मनाला लागली ती फहादा टेकडीची गोष्ट. वर तीन शिळा उभ्या आणि मागे कोरलेलं चक्राकार वेटोळं, उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी दुपारच्या थोडं आधी शिळांच्या फटीतून उन्हाची सुरी बरोबर वेटोळ्याच्या मध्यातून उतरायची. 1977 मध्ये अ‍ॅना सोफेर या चित्रकार बाईंच्या ते लक्षात आलं. मग बघायला, अभ्यासाला माणसं वर जायला लागली, त्यांच्या पायांनी शिळांखालची माती झिजली आणि 1989 मध्ये कळलं की शिळा सरकल्यात, ऊन आता पूर्वीसारखं पडत नाही. शेकडो वर्षं टिकलेलं ते दहा-बारा वर्षांत गेलं, आणि तेही कुणी मुद्दाम काही न करता, आवडीने आलेल्या माणसांच्या पायांनी. आता वर जायला बंदी आहे.

रात्री थंडीने झोप येईना तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपला सडा येत होता. तिथली चित्रं उभ्या कड्यावर आहेत, आपली जमिनीवर आडवी पसरलेली, कशेळीचा तो भला मोठा हत्ती घ्या किंवा बारसूची शिल्पं, म्हणजे तिथं हाताची भीती तर आपल्याकडे थेट पायांची, त्यात गाड्यांची चाकं आणि चिरेखाणी. 2022 मध्ये ही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला होता! पण मागच्या दिवाळीत एका ठिकाणी (नाव सांगत नाही) आमच्यासमोर एका ग्रुपने फोटोत उठून दिसावं म्हणून रेषांमध्ये खडू भरला, मुलं त्याच्यावरच पळत होती. थांबवायला तिथं कुणीच नाही, साधा बोर्डसुद्धा नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, पर्यटन वाढवायच्या आधी प्रत्येक शिल्पाभोवती बाहेरून फिरायची वाट आखा, उंचावरून बघायला मचाण करा, आणि राखणीला त्याच गावातला माणूस पगारावर ठेवा. आणि येत्या सुट्टीत मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी गाडी सड्याखालीच लावा, खडू-पाणी काही न टाकता फोटो काढा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उतरत्या उन्हात गेलात तर सावली पडून रेषा आपोआप उठून दिसतात.

आपली नम्र,
एक वाचक, रत्नागिरी