ब्रुटो, नेटो आणि मधली कापाकापी

प्रिय मुक्ता,

ऑफर लेटर वाचलं. जर्मनीतलं स्टुटगार्ट, वर्षाला 60,000 युरो ब्रुटो, म्हणजे कापाकापीआधीचा पगार, महिन्याला 5,000. रुपयांचा गुणाकार तेवढा थांबव, कारण हातात कापाकापीनंतरचा नेटो पडतो, ब्रुटो नाही.

2026 च्या दरांनी कापाकापी अशी: निवृत्तिवेतनाला 9.3 टक्के, म्हणजे 465 युरो. बेकारी विम्याला 1.3 टक्के, 65. आरोग्य विम्याला 7.3 टक्के, त्यावर क्रांकनकासेच्या, म्हणजे सरकारी आरोग्य विमा चालवणाऱ्या संस्थेच्या, जादा वर्गणीचा अर्धा हिस्सा. सरासरी दर धरला तर दोन्ही मिळून 437.50. शुश्रूषा विम्याला (म्हातारपणी किंवा आजारपणात दीर्घकाळ काळजी घ्यावी लागली तर) 2.4 टक्के, 120. झाले 1,087.50, आणि यात आयकर अजून आलाच नाही. पगारपत्रिकेवर हे आरव्ही, एव्ही, केव्ही, पीव्ही अशा अक्षरांत दिसेल. कंपनी तेवढेच भरते, फक्त शुश्रूषा विम्यात तिचे 1.8 टक्केच. तेवीस पूर्ण झालेल्या आणि मूल नसलेल्या माणसाला 0.6 टक्के जास्त पडतात, ते त्यानेच सोसायचे.

आता तुला खासगी आरोग्य विमा विकू पाहणाऱ्या त्या एजंटबद्दल. सरकारी कासे सोडून पूर्ण खासगी आरोग्य विमा घ्यायला यंदा नोकरदाराचा पगार वर्षाला 77,400 युरोच्या वर लागतो. तुझा नाही, तेव्हा तो विषय इथेच संपला. दातांसाठी वरचा छोटा विमा विकत असेल तर गोष्ट वेगळी. पुढे पगार वाढला तरी मी नकोच म्हणेन. खासगीत हप्ता पगारावर नाही, घेतानाच्या वयावर आणि तब्येतीवर ठरतो, म्हणून आज स्वस्त दिसतो. कासेत न कमावणारा नवरा आणि मुलं फुकट येतात, खासगीत प्रत्येकाचा वेगळा हप्ता. आणि पंचावन्नच्या पुढे कासेत परतणं जवळजवळ अशक्य. आईवडील मात्र कासेतही बसत नाहीत. आम्ही आलो की प्रवासविमा आमचा आम्ही काढू.

कासे कुठली, याची फार चिंता नको. मूळ दर सगळीकडे 14.6 टक्के, उपचारही बहुतेक कायद्याने ठरलेले. फरक जादा वर्गणीत. बारा महिन्यांनी बदलता येते, आणि मध्येच वर्गणी वाढवली तर त्याआधीही.

आजारपणाचे नियम नीट वाच. नोकरीच्या पहिल्या चार आठवड्यांत कंपनीवर आजारपणाचा पगार देण्याचं बंधन नाही, तेव्हा कासे पैसे देते. त्यानंतर एका आजाराला सहा आठवडे पूर्ण पगार. मग कासेकडून ब्रुटोच्या 70 टक्के, पण नेटोच्या 90 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्याच आजारासाठी, ते सहा आठवडे धरून, तीन वर्षांत 78 आठवड्यांपर्यंत. लोक चुकतात दिवस मोजताना. शुक्रवारी ताप आला आणि सोमवारी उतरला नसेल, तर सोमवार चौथा दिवस, कारण शनिवार-रविवारही मोजतात. त्या दिवशी डॉक्टरचा दाखला लागतो. करारात पहिल्याच दिवसाची अट असेल तर शुक्रवारीच. 2023 पासून डॉक्टर तो ऑनलाइन कासेकडे पाठवतो आणि कंपनी तिथून घेते, पण 'आज येत नाही' हे सकाळी साहेबांना कळवणं तुझंच काम.

कंपनीचं म्हणून जे मिळतं, ते बऱ्याचदा मागावं लागतं. महिन्याला 40 युरोपर्यंतची बचत-मदत देतात का, डॉइचलांड-टिकिटाला, म्हणजे देशभरच्या बस-लोकलच्या मासिक पासाला, हातभार लावतात का, एवढं एचआरला ईमेलवर विचार. खरेदीचं कार्ड दिलं तर 50 युरोपर्यंत करमुक्त. 51 झाले की वरच्या एकावर नाही, पूर्ण 51 वर कर.

कंपनी-पेन्शनवर पहिल्या आठवड्यात सही करू नकोस. तू 100 युरो पगारातून वळवलेस की कंपनीला साधारण 15 घालावे लागतात, कर आणि वर्गणीही वाचते, म्हणून एचआरच्या तक्त्यात ते छान दिसतं. पण तो पैसा म्हातारपणापर्यंत अडकतो, आणि ब्रुटो कमी झाल्याने सरकारी पेन्शन आणि आजारपणाचा भत्ताही थोडा घटतो. तू तीन-चार वर्षांतच परतायचं म्हणतेस. कंपनी पूर्णपणे स्वतःच्या पैशाने पेन्शन देत असेल तर जरूर घे. तीन वर्षं भरली की तो हक्क नोकरी सोडल्यावरही टिकतो.

सरकारी पेन्शनला किमान पाच वर्षं लागतात. 1 मे 2017 पासूनच्या भारत-जर्मनी करारामुळे ती मोजताना इथली वर्षंही धरता येतात. नाहीतर परत आल्यावर 24 महिने थांबून वर्गणी परत मागता येते, पण फक्त तुझा अर्धा हिस्सा, आणि तो घेतला की तिथला हक्क संपला. घाईने अर्ज करू नकोस.

पोचल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. त्यानंतर करक्रमांक पोस्टाने येतो. तो कंपनीला मिळाला नाही तर सहाव्या करवर्गाने, म्हणजे सगळ्यात जास्त कर कापला जाऊ शकतो. खोली भाड्याने घेशील तिथे पत्रपेटीवर घरमालकाच्या नावाखाली आपलं आडनाव पहिल्याच दिवशी चिकटव. पासपोर्टातलं स्पेलिंग, सेलोटेप लावून. नाव दिसलं नाही की पोस्टमन पत्र परत नेतो.

तुझी,
आई