मोडी दप्तराच्या सदोष स्कॅनिंगबाबत आणि चेकसम यादीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या घरच्या मोडी दप्तराची १,९२६ पाने स्कॅन करण्याचे काम मी आपल्या कंपनीकडे सोपवले होते आणि प्रत्येक फाइलच्या एसएचए-२५६ चेकसमची (म्हणजे फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेल्या आणि त्यात जराही बदल झाल्यास बदलणाऱ्या खुणेची, जिला 'हॅश'ही म्हणतात) यादी मिळावी म्हणून वेगळे शुल्कही भरले होते. गेल्या महिन्यात आपली हार्ड डिस्क मिळाल्यावर मी सगळ्या फाइली त्या यादीशी ताडून पाहिल्या. जे आढळले त्याने मन फार व्यथित झाले आहे.

पडताळणीसाठी मी निरसॉफ्टचे हॅशमायफाइल्स हे मोफत साधन वापरले. घरी वापरतो तो लॅपटॉप पुतण्याच्या कचेरीचा असून त्यावर नवे काही इन्स्टॉल करण्यास मनाई आहे, आणि हे साधन इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालते. 'असल्या फुकटच्या सॉफ्टवेअरनेच फाइली बिघडल्या असतील,' असे आपल्या प्रतिनिधींनी मला फोनवर सांगितले. हे साधन फाइल केवळ वाचते, तिच्यात काहीही बदलत नाही. तरीही शंकेला जागा नको म्हणून मी विंडोजमध्ये मुळातच असलेल्या, हॅश काढून देणाऱ्या सर्टयूटिल या साधनाने काही फाइली पुन्हा तपासल्या, तेव्हाही तोच ६४ अक्षरी हॅश आला.

२३ फाइलींचा हॅश यादीशी जुळत नाही. ही चूक नकल करताना झाली असावी आणि आपल्याकडे मूळ फाइली असतील तर त्या पुन्हा पाठवून ती सुधारता येईल.

माझी खरी तक्रार जुळलेल्या फाइलींबद्दल आहे. क्रमांक ४१२ ते ४१६ या पाच फाइलींचा हॅश अक्षरन् अक्षर सारखाच आहे. एकच पान दोनदा स्कॅन केले तरी दोन्ही प्रतिमांत सूक्ष्म फरक राहतोच, त्यामुळे पाच निरनिराळ्या पानांचा हॅश एकच निघणे शक्य नाही. म्हणजे एकाच फाइलला पाच नावे देऊन संख्या भरून काढली आहे. उघडून पाहिले तर पाचही ठिकाणी तेच पान, तोच कोपऱ्यातला कसरीने पाडलेला छेद. त्याशिवाय चार फाइलींचा हॅश 'ई३बी०सी४४२' असा सुरू होतो, जो शून्य बाइटच्या, म्हणजे पूर्ण रिकाम्या फाइलचा हॅश म्हणून सर्वज्ञात आहे. तोच हॅश आपल्या यादीतही छापलेला आहे! यावरून उघड होते की यादी स्कॅनिंगच्या वेळी तयार झाली नसून फाइली बिघडून गेल्यावर, डिस्क पाठवण्याआधी घाईने काढली गेली. यादी ज्या क्षणी केली त्या क्षणापासून फाइल बदललेली नाही, एवढीच खात्री चेकसम देतो. आधीच रिकाम्या असलेल्या फाइलीचा चेकसम काढून तिला प्रमाणित म्हणणे ही मी ज्यासाठी पैसे मोजले ती सेवा नव्हे.

हे कागद बोरूने लिहिलेले असून त्यांच्या कडा हात लावताच भुगा होतात. पत्र्याच्या पेटीतून ते पुन्हा काढणे म्हणजे आणखी काही अक्षरे गमावणे. म्हणूनच काम एकदाच आणि नीट व्हावे, यासाठी मी आग्रही होतो.

माझी मागणी अशी की, ४१२ ते ४१६ पैकी न स्कॅन झालेली चार पाने आणि रिकाम्या फाइलींची चार पाने आपल्या जाणकार माणसाने आमच्या घरी येऊन, मी समोर असताना स्कॅन करावीत आणि प्रत्येक फाइल तयार होताच तिचा हॅश तिथेच नोंदवावा. न जुळणाऱ्या २३ फाइली मूळ प्रतीवरून पुन्हा द्याव्यात आणि पडताळणीचे शुल्क परत करावे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. आपली हार्ड डिस्क आणि यादी मी आहे तशी जपून ठेवली आहे.

आपला,
एक ग्राहक, सातारा