तेरच्या वाटेवरच्या कुंभारमामांना

मामा, रामराम.

तुम्ही मोबाईल बघत नाही, ठाऊक आहे. नात वाचून दाखवील, म्हणून लिहितेय.

मी लातूरची, चिंचवाली. गोरोबाकाकांच्या दर्शनाला येताना गाडीत माणसाच्या जागी झाड बसवून आणलं होतं, ती.

ही चिंच म्हणजे बोन्साय, कुंडीत मुद्दाम बुटकं ठेवलेलं झाड. माझ्या वडिलांनी रुजवलेली. बांधावरचं जुनं झाड रस्त्यात गेलं, त्याचाच हा चिंचोका. 14 वर्षांत दीड फुटाची झाली. वडील गेल्यावर तिला चांगली कुंडी घ्यावी म्हणून एका मोठ्या नर्सरीत गेले. त्यांनी निळीशार, चकचकीत, ड्रॅगन काढलेली वीतभर खोल कुंडी गळ्यात मारली. दोन हजार रुपये, आणि बुडाला भोक एकच! आपली काळी माती, त्यात पावसाळा. मुळं कुजायला लागली. तक्रार घेऊन गेले तर म्हणाले, "मॅडम, पाणी जास्त घातलं असेल." झाडाकडे मान वळवून बघितलंही नाही.

तुम्ही बघितलंत. आधी चाकावरचे हात धुतलेत, मग झाडासमोर चक्क उकिडवे बसलात. डोळे बुंध्याच्या पातळीला आणून चारी बाजूंनी फिरलात आणि विचारलंत, "ताई, हिचं तोंड कोन्या अंगाला हाय?"

मामा, बोन्सायचा क्लास केलेली मी. झाडाला दर्शनी बाजू असते हे वहीत लिहून घेतलं होतं. पण असं विचारलं मला कुणीच नव्हतं. वडीलही सकाळी असेच तिच्यासमोर बसायचे. मला तिथं बोलता येईना, तुम्ही ओळखलंत आणि उगाच माती मळत बसलात.

मग बुंध्याला दोन बोटं लावून म्हणालात, "एवढी खोल बास. जास्त झाली की झाड बुडाल्यावानी दिसतंय." आमच्या वहीतही तेच आहे: खोली बुंध्याच्या जाडीइतकी, लांबी उंचीच्या दोन तृतीयांश. तुमची 12 इंची लांबट कुंडी त्यात चपखल बसली. तीन भोकं, बिनचकाकीची, विटकरी रंगाची. पहिली भट्टीत तडकली, तिचे पैसे घेतले नाहीत ते नाहीतच.

आणि मागच्या कडेला ओल्या मातीत दाबलेला तो अंगठा! "हा भिंतीकडं ठिवा, म्हंजी तोंड चुकायचं न्हाई." रोज पाणी घालताना माझा अंगठा आपोआप तिथं जातो.

गोरोबाकाकांनी थापटून कच्चं मडकं ओळखलं म्हणतात. त्या नर्सरीवाल्यालाही एकदा थापटायला हवं होतं. असो.

माती आता बदलली. विटांचा चुरा आणि मुरूम जास्त, काळी नावाला. उन्हाळ्यात पसरट कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते, म्हणून तुम्ही सांगितलंत तशी ओल्या वाळूच्या परातीवर ठेवते, दोन वेळा पाणी घालते. एरवी ती गच्चीवरच असते. पाहुणे आले की दोन दिवस घरात, आजीच्या घडवंचीवर. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बरोबर बुंधा येतो. मागचं कॅलेंडर काढून टाकलं, भिंत कोरी ठेवली. परवा आई तिच्यासमोर बराच वेळ बसली होती. कुंडीबद्दल एक शब्द बोलली नाही, नुसती चिंचच बघत होती.

पाऊस लागला की पुन्हा येते. उंबर आणणार आहे. त्याचं तोंड मला अजून सापडलेलं नाही.

तुमची,
लातूरची ताई